ओढा नकाशाप्रमाणे

पावलेकाकांचं आडनाव पावले नव्हतं. मोजणी खात्यात लागल्यावर पहिल्याच वर्षी गावाने ते त्यांना चिकटवलं, आणि पुढे बँकेतला कारकूनसुद्धा खरं नाव विचारायचं विसरून गेला. कारण साधं होतं. हा माणूस चालता चालता मोजायचा. घर ते कचेरी आठशे बारा पावलं, कचेरी ते पूल सहाशे चाळीस. सासऱ्यांच्या अंत्ययात्रेतसुद्धा त्यांचे ओठ हलत होते. बायकांना वाटलं, जावई देवाचं नाव घेतोय. जावई चौदाशे पाचवर पोचला होता.

त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं. चढाला, उताराला, चिखलात, कुठेही अडीच फूट. खात्यातली तरुण पोरं पैज लावून फीत घेऊन मागे फिरायची आणि चहा पाजून परत यायची.

गाव म्हणजे एक पूल, पुलाशी एक चौकी, तिथून चढत जाणारा एक रस्ता आणि रस्त्याच्या वरच्या टोकाला जिल्हा कचेरी. जिल्हा एवढासा की कचेरीच्या गच्चीवरून कोणी हाक मारली तर निम्म्या जिल्ह्याने ओ द्यावी. पण थाटात काही कमी नाही. जिल्हाधिकारी आहेत, सतरा खाती आहेत, सतरा शिक्के आहेत, आणि दोन खात्यांच्या मधे एकच भिंत असली तरी कागदाला इकडून तिकडे जायला नऊ दिवस लागतात. पश्चिमेला ओढा. ओढ्यापलीकडे दुसरा देश. दुसरा देश म्हटला की लांबच्या लोकांना वाटतं, काहीतरी निराळं दिसत असेल. पलीकडेही तसंच गवत, तशीच पत्र्याची छपरं आणि चौकीत तसाच कंटाळलेला माणूस.

दोन्ही देशांनी मिळून फार पूर्वी एक नियम केला होता, म्हणजे अर्थात दोघांनाही न आवडणारा. सीमेच्या पाण्यापासून अमुक इतक्या फुटांच्या आत वस्ती नको. घर नको, विहीर नको, शाळा नको. पावलेकाकांच्या भाषेत दीडशे पावलं. कागदावर नियम चोख होता. अडचण एवढीच की ओढ्याने तो वाचलेला नव्हता. दर मोठ्या पुरात ओढा जरासा सरकायचा. खालच्या वळणावर आपल्या गावाच्या अंगाला, वरच्या वळणावर त्यांच्या अंगाला. एका वर्षी नऊ पावलं, एका वर्षी तीन, एखाद्या वर्षी काहीच नाही. कोणाच्या डोळ्यांत भरावं असं काही नाही.

खालच्या वळणाशी आपली खालची आळी होती, बावीस घरांची. नकाशात ती पाण्यापासून दोनशे साठ पावलांवर होती, निवांत. वरच्या वळणाशी पलीकडच्या लोकांची शाळा होती. तीही नकाशात निवांत.

दर वर्षी पाणी उतरलं की दोन्ही देशांचे मोजणीदार पहिल्या दगडापाशी भेटायचे आणि एकतिसाव्या दगडापर्यंत बरोबर चालत जायचे. दगड जागेवर आहे का, आकडा वाचता येतो का, चुना लावलाय का, हे ज्याने त्याने आपापल्या देशाच्या वहीत लिहायचं. शेवटचा रकाना होता, ‘ओढ्याची स्थिती’. पहिल्या वर्षी काका नवे होते, उत्साही होते. रकान्यात आकडे लिहायला त्यांनी पेन टेकलं, तेवढ्यात त्यांच्या म्हाताऱ्या वरिष्ठाने मनगट धरलं.

“काय लिहितोस?”

“जे आहे ते.”

“जे आहे ते पाण्याला माहीत आहे. तू लिही, ओढा नकाशाप्रमाणे.”

“पण नाहीये तसा.”

“इकडे बावीस घरं, तिकडे एक शाळा,” म्हातारा म्हणाला. “आपण दोघांनी एक ओळ लिहिली की सगळे आपापल्या जागी झोपतात. तुला काय पडलंय खरेपणाचं?”

काकांना खरेपणाचं फार पडलं होतं. अर्धं पाऊल चुकलं तरी ज्याला घास गोड लागायचा नाही, त्या माणसाने मान खाली घालून ती ओळ लिहिली. मग लिहीतच राहिले. तेहतीस वर्षं, तेहतीस वह्या, प्रत्येकीत दोन शब्द. पलीकडचा मोजणीदारही त्याच्या वहीत त्याच्या भाषेत तेच लिहायचा. काका त्याला जोडीदार म्हणायचे. दोघे चौदाव्या दगडावर बसून एकमेकांच्या डब्यातलं खायचे, दोघांच्या बायकांच्या हाताला नावं ठेवायचे आणि ओढ्याबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. पण मोजायचं मात्र काकांनी सोडलं नाही. खरा आकडा दर वर्षी डोक्यात जमा व्हायचा. दोनशे एकेचाळीस. दोनशे दहा. एकशे सत्तर. ज्या वर्षी तो दीडशेच्या खाली गेला, त्या वर्षी काकांना आठ दिवस ताप होता. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा आहे.

खालच्या आळीतलं अगदी शेवटचं, पाण्याकडचं घर त्यांच्या आक्काचं होतं.

आक्का म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे आणि आक्का सोळाची. वडील होते, पण असून नसल्यासारखे. आक्कानेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, दटावलं, शाळेत घातलं. ती स्वतः पुढे पहिली-दुसरीच्या वर्गाची बाई झाली, पण तिचा पहिला विद्यार्थी म्हणजे हा भाऊ. पाटीवर अक्षर गिरवून घ्यायची. रेघ तिरकी गेली की पाटी पुसायची आणि म्हणायची, “पुन्हा.” कधी सतरा वेळा पुन्हा. काकांचं अक्षर जिल्ह्यात नावाजलेलं होतं. नकाशावरची गावांची नावं त्यांच्या हातची असली की लोक म्हणायचे, छापलेलं आहे का हो? काका म्हणायचे, आक्काच्या पाटीवरचं आहे.

आक्काचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. दर रविवारी सकाळी काका तिच्याकडे जायचे. घराची दुसरी किल्ली त्यांच्याच खिशात असायची, कारण आक्का दोनदा बाथरूममध्ये पडली होती आणि शेजाऱ्यांना खिडकी फोडावी लागली होती. काका नळ दुरुस्त करायचे, वरच्या फडताळातले डबे काढून द्यायचे, आणि आक्का पंचावन्न वर्षांच्या माणसाला विचारायची, “पायात मोजे का नाहीत?”

निवृत्त झाल्यावर आक्काने मागच्या बाजूला, ओढ्याच्या अंगाला, एक खोली बांधायची ठरवली. मोठी खिडकी, खिडकीशी खुर्ची, एवढंच तिचं स्वप्न. पाया खणायच्या आधी तिने भावाला उभं करून विचारलं होतं.

“काय रे, पाणी जवळ आल्यासारखं वाटतं मला. पूर्वी इथून दिसायचं नाही.”

त्या वर्षीचा आकडा होता एकशे अकरा.

“भास आहे आक्का. नकाशाप्रमाणे आहे ओढा. मी दर वर्षी चालतो ना.”

“असेल बाबा. तू मोजतोस म्हणजे असेल,” आक्का म्हणाली, आणि खोली बांधली. त्यानंतर महिन्याभराने तिच्या नाकावर नवा जाड चष्मा आला. काकांना वाटलं, वय झालं.

आता साहेबाकडे येऊ. हा साहेब काही जन्माने साहेब नव्हता. बावीस वर्षांचा असताना मोजणी खात्यात कारकून म्हणून आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि राहायला जागा नव्हती. काकांनी त्याला आक्काच्या पुढच्या खोलीत ठेवून दिलं. चार वर्षं राहिला. आक्का त्याची बटणं शिवायची, तापात कपाळावर पट्ट्या ठेवायची, अभ्यासाला बसला की रेडिओ बंद करायची. काकांनी त्याला साखळी धरायला शिकवली, दुर्बीण लावायला शिकवली, जुने कापडी नकाशे घडीवर घडी न पडू देता कसे उलगडायचे ते शिकवलं. तो त्यांना आधी थट्टेने आणि मग सवयीने ‘गुरुजी’ म्हणायला लागला. हुशार होता. परीक्षा देत देत वर गेला, बदल्या होत गेल्या, आणि बारा वर्षांनी आपल्याच खात्याचा जिल्ह्याचा प्रमुख होऊन परत आला. पहिल्या दिवशी सगळ्या कचेरीसमोर खुर्चीतून उठून म्हणाला, “गुरुजी, बसा.” काकांनी ते घरी जाऊन तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा बायको म्हणाली, “अहो, बसलात ना? मग आता जेवायलाही बसा.”

काकांच्या निवृत्तीला पाच महिने उरले असताना साहेबाने त्यांना नकाशांच्या खोलीत बोलावलं. ती खोली काकांची आवडती. भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या नळकांड्यांत गुंडाळलेले नकाशे, खळीचा आणि जुन्या कापडाचा वास, आणि समोर जिल्ह्याचा मोठा नकाशा. त्यावर जिथे कचेरी आहे तिथे बोटं लावून लावून भोक पडलेलं. साहेबाने दार लोटून घेतलं.

“गुरुजी, एक विचारतो. आपल्यातलं आहे. ओढा खरंच नकाशाप्रमाणे आहे?”

काका एका नळकांड्याचं झाकण काढून परत बसवू लागले.

“मी चार वर्षं तिथे राहिलोय. मला डोळे आहेत. तुमच्यानंतर नवा माणूस येईल. तो यंत्र घेऊन येईल, यंत्राला दया नसते. पहिल्याच वर्षी खरं लिहील, आणि आळी उठेल. आक्का कुठे जातील?”

तेहतीस वर्षांत हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नव्हता. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग करायचं काय?” त्यांनी विचारलं.

“त्याच्या आत सूट मिळवायची. जुन्या वस्तीला विशेष सूट देता येते, तरतूद आहे. पण अर्ज करायला मला खरं अंतर हवं. घराघराचं. तुम्ही साध्या कागदावर लिहून द्या. सही नको, क्रमांक नको. माझ्या टेबलाच्या खणात राहील. तुम्ही निवृत्त व्हायच्या आत आळी कायमची सुरक्षित करून टाकू.”

आता कोणी म्हणेल, एवढं जुनं खोड, याला कळू नये? अहो, आपण वाढवलेल्या माणसाचा संशय घ्यायला वेगळंच काळीज लागतं. काकांना तर वाटलं, छातीवरची धोंड कोणीतरी दोन्ही हातांनी उचलतंय. त्यांनी दुपारभर बसून लिहिलं. बावीस घरं, बावीस आकडे. आक्काच्या मागच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव पावलं. बाजूला छोटा कच्चा नकाशा, दगडांचे आकडे, उत्तरेचा बाण. सही केली नाही, क्रमांक घातला नाही. पण कागद संपला तसा हात आपोआप खाली गेला आणि शेवटची ओळ लिहून मोकळा झाला: ‘मी स्वतः चालून मोजले.’

ही ओळ मोजणीदाराची शपथ. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती शिकवतात. प्रत्येक मोजणीखाली लिहायची असते, आणि नियमच असा आहे की मोजणीदाराच्या हातच्या कागदावर ही ओळ असली की तो कागद मोजणी धरतात. सही असो नसो. ओळ नसती तर त्या कागदाची किंमत पानाच्या दुकानातल्या गप्पांएवढी होती. तेहतीस वर्षांत प्रथमच पोटभर खरं लिहायला मिळालं होतं, त्या सुखात काकांनी तीही लिहिली. साहेबाने कागद वाचला, शेवटच्या ओळीवर जरा थांबला, आणि म्हणाला, “उपकार झाले गुरुजी.”

सहा आठवड्यांनी सोमवारी सकाळी खालच्या आळीच्या बावीस दारांवर नोटिसा लागल्या. प्रतिबंधित पट्ट्यात वस्ती, तीस दिवसांत खाली करा. चौकी मोठी व्हायची होती आणि तिच्याशी ट्रकांचा तळ व्हायचा होता. पलीकडून येणारे ट्रक उभे राहायला सपाट जागा लागते, आणि या चढउताराच्या गावात सपाट जागा एवढी एकच. प्रत्येक नोटिशीला मागे एक प्रत टाचलेली होती. काकांच्या अक्षरातली. अगदी बाणासकट.

काका आठशे बारा पावलं कशी चालले ते त्यांना सांगता आलं नसतं. साहेब टेबलामागे होता. या वेळी उठला नाही.

“साहेब,” काका म्हणाले. कालपर्यंत एकांतात ते त्याला ‘तू’ म्हणत होते. “तुम्ही सूट मागणार होतात.”

“मागितली होती. नाही मिळाली. मग कागद फायलीत होता, तो पुढे गेला.” साहेबाने पेनाचं टोपण लावलं. “आणि गुरुजी, त्यात खोटं काय आहे? पाणी तिथेच आहे ना?”

काका बाहेर आले आणि थेट आवक-जावकच्या टेबलाशी गेले. तेहतीस वर्षं त्या कचेरीत काढली होती, कुठे काय सापडतं ते त्यांना पाठ होतं. सूट मागणाऱ्या अर्जाची नोंद कुठेच नव्हती. तसा अर्ज कधी झालाच नव्हता. त्यांचा कागद मात्र होता. ज्या दुपारी त्यांनी तो दिला, त्याच दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी, ‘ट्रक तळ योजना, सहपत्र दोन’ म्हणून नोंदला गेला होता. खणात तो एक रात्रसुद्धा राहिला नव्हता. काका तिथे टेबल धरून उभे राहिले. केसाने गळा कापणं हे त्यांनी नुसतं ऐकलं होतं. इतक्या वर्षांचं जेवण, इतक्या वर्षांचं ‘गुरुजी, गुरुजी’, आणि शाई वाळायच्या आत! त्यांना राग आला, लाज आली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्या तापातल्या कपाळावर पट्टी बदलणारी आक्का डोळ्यांसमोर आली.

त्या संध्याकाळी आळीतला सलूनवाला त्यांच्याकडे आला. आळीचा पुढारी तोच. कात्री चालवता चालवता सगळी आळी त्याने आपल्या बाजूने केली होती. त्याच्याबरोबर चारपाच जण होते, आणि मागे, खुर्चीच्या कडेवर टेकलेली, आक्का.

“काका, एकच विचारतो,” सलूनवाला म्हणाला. “ते अक्षर तुमचं नाही ना? कोणी नक्कल केली असणार. तुमच्या अक्षराची नक्कल तर आमच्या शाळेतली पोरंपण करायची.”

काकांनी आक्काकडे पाहिलं नाही.

“माझं नाही,” ते म्हणाले.

“बघा! मी म्हटलं नव्हतं?” सलूनवाला उडालाच. “मग सुनावणीत एवढंच सांगा. एका बाजूला तेहतीस वह्या, दुसऱ्या बाजूला एक चिटोरं. सुटलो आपण.”

आक्का जाताना दारात थांबून फक्त म्हणाली, “पायात मोजे घाल. थंडी आहे.”

मधेच वार्षिक चालण्याचा दिवस आला. जोडीदार चौदाव्या दगडावर आधीच येऊन बसला होता. बातमी पलीकडे गेली होती. खालच्या वळणावर ओढा सरकला असं मान्य झालं तर वरचं वळणही मोजलं जाणार आणि त्यांची शाळाही उठणार, हे कळायला त्याला कोणी सांगायला नको होतं.

“तुमच्याकडे काही लिहिलं गेलं म्हणतात,” तो आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला.

“गेलं.”

जोडीदाराने डबा पुढे सरकवला. मग वही उघडली आणि काकांना दिसेल अशी धरून शेवटच्या रकान्यात तेच दोन शब्द लिहिले. “आमच्याकडचा ओढा फार आळशी आहे,” तो म्हणाला. “हलत नाही.”

परक्या देशाच्या माणसाने शब्द पाळला होता, आणि घरात वाढलेल्याने विकला होता. काकांनी डबा तसाच परत सरकवला.

सुनावणी जिल्हाधिकारी बाईंच्या दालनात, सकाळी अकराला. बाई नव्या होत्या, तरुण होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना दोन्ही बाजूंचा कंटाळा आलेला दिसत होता. आळी भिंतीला टेकून उभी. पुढच्या बाकावर आक्का, मांडीवर पर्स. बाईंनी कागद वर धरला.

“हे अक्षर तुमचं आहे का?”

“नाही,” काका म्हणाले.

“मग तज्ज्ञांकडे पाठवू. तोपर्यंत...”

“गरज नाही,” साहेब उठून म्हणाला. त्याचा स्वर अगदी नम्र होता. “यांच्या भगिनी इथेच आहेत. शिक्षिका होत्या. यांना अक्षर त्यांनीच शिकवलंय. त्या खोटं बोलत नाहीत, हे मी स्वतः सांगतो. मी त्यांच्या घरी राहिलोय.”

म्हणजे बघा, आक्काच्या घरातून एवढं नेलं, आणि शेवटी तिचा खरेपणाही कामाला जुंपला. कागद आक्काच्या हातात आला. तिने चष्मा नाकावर सरकवला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं, जसं ती वर्गातल्या पोरांच्या वह्यांवरून फिरवायची. ‘मी स्वतः चालून मोजले’पाशी बोट थांबलं. काकांना वाटलं, आता ती ‘पुन्हा’ म्हणेल.

“माझ्या भावाचं नाही हे अक्षर,” आक्का म्हणाली.

“नक्की?” बाईंनी विचारलं.

“चाळीस वर्षं शिकवलंय मी. नक्की.”

साहेबाचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. हे त्याने धरलंच नव्हतं. बाईंनी दोन मिनिटं खाली बघून काही लिहिलं आणि वाचून दाखवलं: तेहतीस वर्षांच्या वह्या एकीकडे, बेवारशी कागद दुसरीकडे, दोन्ही देशांची संयुक्त मोजणी होईपर्यंत नोटिसा स्थगित. संयुक्त मोजणीला दोन्ही राजधान्यांची पत्रं लागतात. सलूनवाला बाहेर येऊन ओरडला, “म्हणजे आमच्या नातवंडांच्या लग्नानंतर!” आळी हसली, रडली, एकमेकांच्या पाठी थोपटत उतारावरून निघाली.

आक्का कचेरीच्या पायऱ्यांवर बसून सँडलचा पट्टा लावत होती. काका शेजारी टेकले. त्यांना हुंदका आवरेना.

“आक्का, तू वाचवलंस गं.”

“आळी वाचवली,” आक्का म्हणाली. पट्टा लागेना, ती पुन्हा वाकली. “जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. तेही त्याने माझ्या खरेपणाची ग्वाही दिल्यावर.”

“त्याने मला फसवलं आक्का. तो म्हणाला, तुझंच घर वाचवायचंय...”

“त्याने तुला फसवलं, ते मला समजतं. तो परका होता. घरात होता, पण परका होता.” ती सरळ झाली. “मी तुला विचारलं होतं. त्या खोलीचा पाया खणायच्या आधी. पाणी जवळ आल्यासारखं वाटतं, म्हटलं होतं मी.”

“तुला घोर लागू नये म्हणून...”

“तू म्हणालास, भास आहे.” आक्काने चष्मा काढून हातात धरला. “मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले रे. त्यांना सांगितलं, मला लांबचं जवळ दिसतंय. त्यांनी नंबर बदलून दिला. मग घरी येऊन खिडकीत बसले, तर पाणी तिथेच. मी म्हटलं, आता डोकं बिघडायला लागलं म्हातारपणी. सहा वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तुझ्या पावलांवर ठेवला.”

आक्काने चष्मा परत नाकावर चढवला.

“मला नाही सांगितलंस,” आक्का म्हणाली. “त्याला सांगितलंस.”

तिने हात पुढे केला. काकांना वाटलं, उठायला आधार हवाय. त्यांनी हात दिला. तिने तो धरला नाही.

“किल्ली,” ती म्हणाली.

“आक्का, तू पडलीस बिडलीस तर...”

“सलूनवाल्याकडे ठेवीन.”

काकांनी खिशातून किल्ली काढून दिली. आक्काने ती पर्समध्ये टाकली, चेन ओढली, कठड्याला धरून उठली. कचेरीपासून खालच्या आळीपर्यंत उतार नऊशे साठ पावलांचा होता. ती एकटीच उतरत गेली.